घर कोणाला, हे नॉमिनेशनच्या अर्जाने ठरत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गृहनिर्माण संस्थांमध्ये अधूनमधून नॉमिनेशनचे अर्ज वाटले जातात. घरातले ज्येष्ठ तो अर्ज तीन प्रतींत भरतात, साक्षीदारांच्या सह्या घेतात, सचिवाकडून पोच घेतात आणि ‘घराचं काम एकदाचं झालं’ म्हणून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात घर कोणाला मिळणार, या प्रश्नाला त्यांनी हातही लावलेला नसतो. या गैरसमजाची किंमत पुढे मुलांना मोजावी लागते, म्हणून हे सविस्तर पत्र.

सभासद वारल्यावर संस्थेने पत्रव्यवहार कोणाशी करायचा आणि देखभालखर्चाचे बिल कोणाच्या नावे काढायचे, एवढी सोय नॉमिनेशन करते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हणून घेतले जाते, तेही कायदेशीर वारस सभासद होईपर्यंतच. नॉमिनी हा रक्कम किंवा मालमत्ता वारसांसाठी स्वीकारणारा माणूस असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये सांगितले. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनेशन वारसाहक्काला बाजूला सारत नाही, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये आला. तरीही ‘बाबांनी माझं नाव लावलंय’ या एका वाक्यावर भावंडांची बोलणी बंद होतात.

मृत्युपत्रच नसेल तर काय होते, ते आकड्यांत पाहू. समजा, हिंदू कुटुंबातला फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावे आहे आणि तो त्यांच्या कष्टाचा आहे. मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि वडिलांची वृद्ध आई आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळतो. आजी वारस आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते. पुढे आजीही मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा चौथा हिस्सा तिच्या मुलांकडे जातो. वारलेल्या वडिलांखेरीज तिला आणखी एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर त्या हिश्शाचे तीन भाग होतात. काका आणि आत्या प्रत्येकी बाराव्या हिश्शाचे मालक होतात आणि तिसरा भाग वडिलांच्या मुलांना मिळतो. आता फ्लॅट विकायचा तर काका-आत्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवे. कोणाच्या मनात पाप नसतानाही व्यवहार वर्षानुवर्षे अडून राहतो. दोन पानांच्या मृत्युपत्राने हे सगळे टळले असते.

मुले अमेरिकेत असलेल्या घरांतून अलीकडे एक वेगळी विचारणा होते: ‘तिकडच्यासारखं ट्रान्सफर ऑन डेथ डीड इथे करता येईल का?’ तिकडे अनेक राज्यांत ही सोय आहे. मालक हयातीत ठरावीक नमुन्याच्या दस्तावर नोटरीसमोर सही करतो आणि मृत्यूपूर्वीच तो काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) दप्तरी नोंदवतो. हयात असेपर्यंत घर पूर्णपणे त्याचेच राहते, दस्त कधीही रद्द करता येतो, आणि मृत्यूनंतर मालकी न्यायालयात न जाता लाभार्थ्याकडे जाते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून हे चालू आहे आणि तिथे नोटरीसमोर सही झाल्यापासून ६० दिवसांत दस्त नोंदवावा लागतो. भारतात घरासाठी असा दस्त नाही. कोणी ‘माझ्या मृत्यूनंतर अमुकास बक्षीस’ असे लिहून वर बक्षीसपत्राचे शीर्षक दिले, तरी कायदा शीर्षक पाहत नाही. हक्क मृत्यूनंतर मिळणार असेल तर ते मृत्युपत्रच ठरते आणि त्याला मृत्युपत्राचेच नियम लागतात. तो कागद बक्षीसपत्र समजून केलेला असल्याने नेमके तेच नियम पाळायचे राहून गेलेले असतात.

खरे बक्षीसपत्र वेगळे. त्याने मालकी आजच जाते. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. काही शहरांत स्थानिक अधिभार वेगळा लागतो. शुल्क कमी म्हणून अनेकांना हाच मार्ग सुचवला जातो. माझे मत स्पष्ट आहे: ज्या घरात आई-वडील राहतात, ज्याच्यावाचून त्यांना दुसरा आसरा नाही, ते घर हयातीत बक्षीस देऊ नये. पूर्ण झालेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येते. पण सांभाळण्याची अट दस्तात लिहिलेली नसेल तर ती होती हे दाखवण्यातच दमछाक होते. तरीही द्यायचेच ठरले, तर सांभाळाची आणि तहहयात राहण्याच्या हक्काची अट दस्तात शब्दांत लिहून घ्यावी.

राहिले मृत्युपत्र. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. स्टॅम्प पेपरची गरज नाही, साधा जाड कागद पुरतो. नोंदणी ऐच्छिक आहे. इतके सोपे असूनही ते बिघडते, आणि बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे घर नेमके कोणाचे. लिहायला बसण्याआधी खरेदीचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा गोषवारा) काढून नावे वाचावीत. करारात आई आणि वडील दोघांची नावे असतील आणि हिस्से लिहिलेले नसतील, तर साधारणपणे निम्मे-निम्मे धरले जाते. अशा वेळी वडिलांच्या मृत्युपत्रातले ‘माझा संपूर्ण फ्लॅट धाकट्यास’ हे वाक्य आईच्या निम्म्या हिश्शाला लागू होत नाही. दोघांनी आपापल्या हिश्शाचे स्वतंत्र मृत्युपत्र करावे. एकाच कागदावर दोघांचे संयुक्त मृत्युपत्र करू नये. एक गेल्यावर दुसऱ्याला बदल करता येतो का, यावरून तंटा होतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल तर फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही त्यात जन्माने हिस्सेदार आहेत. मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. साक्षांकनाचे, म्हणजे साक्षीदारांच्या सह्यांचे, पुढे सांगितलेले नियमही त्यांना सक्तीचे नाहीत, तरी पाळलेले बरे.

दुसरी जागा म्हणजे घराचे वर्णन. ‘माझा कोथरूडचा फ्लॅट’ असे लिहिलेली मृत्युपत्रे आजही होतात. फ्लॅट क्रमांक, मजला, चौरस मीटरमधले चटई क्षेत्र, इमारत आणि संस्थेचे नाव, संस्थेचा नोंदणी क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि शेअर्सचे अनुक्रमांक, सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक, मौजे, तालुका, जिल्हा, तसेच मूळ करारनाम्याचा दस्त क्रमांक, तारीख आणि दुय्यम निबंधक कार्यालय हे सगळे करारनाम्यावरून जसेच्या तसे उतरवावे. पार्किंगची जागा वेगळी दिलेली असेल तर तिचा स्वतंत्र उल्लेख करावा. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या इमारतीत आणखी एक ओळ हवी: ‘सदर सदनिका किंवा तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका, भाडे, भरपाई व इतर सर्व लाभ.’ ती नसेल तर जुना फ्लॅट पाडल्यावर मृत्युपत्रातली वस्तूच उरली नाही, असा वाद घालायला वाव मिळतो.

लाभार्थ्याचे नाव आधार कार्डावर आहे तसे पूर्ण लिहावे, नाते लिहावे आणि ‘तो माझ्याआधी वारल्यास कोणाला’ हेही लिहावे. शेवटी ‘या मृत्युपत्रात उल्लेख न केलेली माझी इतर सर्व मालमत्ता अमुकास’ हे कलम घालावे, म्हणजे राहून गेलेल्या गोष्टींसाठी पुन्हा वारसाहक्काच्या हिशोबात शिरावे लागत नाही. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे वाक्यही हवेच.

पत्नीविषयीचे कलम फार जपून लिहावे. ‘पत्नीने हयातभर उपभोग घ्यावा, नंतर घर मुलाचे’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. त्यातून निघणारा वाद हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ चा आहे. तो हक्क पोटगीच्या हक्कापोटी दिला असेल तर पत्नी संपूर्ण मालक होते, असे एक बाजू म्हणते. मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला आहे, असे दुसरी म्हणते. खटला त्या एका वाक्याच्या अर्थावर चालतो. म्हणून आधी ठरवावे: घर पत्नीला पूर्ण मालकीने द्यायचे आहे की फक्त राहण्याचा हक्क? पूर्ण द्यायचे असेल तर तसे सरळ लिहावे आणि तिच्यानंतर कोणाला हे तिच्यावर सोडावे. राहण्याचाच हक्क द्यायचा असेल तर तिला विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येईल का, घराचा खर्च कोणी करायचा आणि तिच्या चरितार्थाची वेगळी कोणती सोय केली आहे, हे सगळे लिहावे. मला विचाराल तर पहिला पर्याय बरा. उतारवयात घराची मालकी हातात असलेल्या बाईला घरात मान राहतो.

आता सहीविषयी. मी सगळ्यात जास्त यासाठीच लिहितो आहे, कारण उत्तम भाषेतले मृत्युपत्र याच दहा मिनिटांत निकामी होते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ६३ थोडक्यात असे आहे: मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा ‘ही माझी सही’ अशी कबुली मृत्युपत्र करणाऱ्याच्या तोंडून घेतलेली असावी. आणि प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याच्या समोर स्वतःची सही करायची. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. पण तिघे एका खोलीत, एका टेबलाशी, एकाच बैठकीत असावेत, हेच शहाणपणाचे.

प्रत्यक्षात काय घडते? वडील घरी सही करतात. मुलगा तो कागद घेऊन शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या मित्राकडे जातो आणि साक्षीदार म्हणून त्याची सही घेतो. त्या मित्राने वडिलांना सही करताना पाहिलेले नाही, कबुली ऐकलेली नाही आणि स्वतः सही केली तेव्हा वडील समोर नाहीत. तो उद्या न्यायालयात खरे बोलला तर मृत्युपत्र पडते. कधी वेळ वाचवण्यासाठी साक्षीदारांच्या सह्या आधी घेऊन ठेवतात आणि वडील संध्याकाळी सही करतात. ज्या सहीची साक्ष द्यायची ती अजून झालेलीच नसते. कधी नोटरीचा शिक्का मारून आणतात आणि साक्षीदारांची जागा कोरीच राहते. नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेत नाही. वकिलाची ‘मसुदा तयार करणार’ म्हणून केलेली सही साक्षीदाराची आपोआप ठरत नाही. दुय्यम निबंधकाकडे ओळख पटवण्यासाठी आलेल्या माणसांच्या सह्यांवर विसंबणेही धोक्याचे. ते करणाऱ्याला ओळखतात, एवढेच त्या सहीतून दिसते.

बैठकीचा क्रम असा ठेवावा. आधी मजकूर मोठ्याने वाचावा. तो करणाऱ्याला येणाऱ्या भाषेत असेल तर उत्तम. इंग्रजीत असेल आणि त्यांना इंग्रजी येत नसेल, तर तो मराठीत वाचून व समजावून सांगितला, असे शेवटी लिहून समजावणाऱ्याने नाव-सही करावी. मग करणाऱ्याने प्रत्येक पानाखाली आणि शेवटच्या पानावर मजकूर संपतो तिथे लगेच सही करावी. सहीचे पान वेगळे, कोरे आणि मजकुराशिवाय असू नये. किमान चार-पाच ओळी त्या पानावर याव्यात, नाहीतर आधीची पाने बदलल्याचा आरोप होतो. खाडाखोड असेल तर तिच्या शेजारी करणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची छोटी सही हवी. त्यापेक्षा ते पान नव्याने छापणे चांगले. तारीख आणि ठिकाण हाताने लिहावे. हात थरथरत असेल तर ओढूनताणून सही करू नये, अंगठा घ्यावा आणि डाव्या हाताचा की उजव्या हाताचा ते लिहावे. बँकेतल्या सहीशी न जुळणारी वाकडी सही पुढे हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जाते. त्यानंतर दोन्ही साक्षीदारांनी पूर्ण नाव, वय, पत्ता लिहून सही करावी. त्यांच्या सहीच्या वर हे वाक्य असू द्यावे: ‘मृत्युपत्रकर्त्याने आम्हा दोघांच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या.’ वीस वर्षांनी साक्षीदाराची आठवण पुसट झाली, तरी हे वाक्य आधाराला येते.

साक्षीदार कोण असावा, यावर लोक फारसा विचार करत नाहीत. न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करताना किमान एका साक्षीदाराला, तो हयात आणि उपलब्ध असेल तर, साक्षीला बोलवावे लागते. नोंदणी झालेली असली तरीही. ८० वर्षांच्या वडिलांनी ७८ वर्षांच्या दोन मित्रांना साक्षीदार केले, तर गरज पडेल तेव्हा तिघेही नसतील. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा निदान पंधरा-वीस वर्षांनी लहान, स्थिर पत्त्याचे आणि ओळखीचे असावेत. ज्याला घर मिळणार तो आणि त्याची पत्नी किंवा पती साक्षीदार नसावेत.

एवढेच नाही, घर मिळणारे मूल त्या खोलीतही नसावे. मृत्युपत्राचा मोठा लाभ ज्याला होतो त्यानेच वकील ठरवला, मजकूर सांगितला, गाडी काढली आणि सहीच्या वेळी शेजारी बसला, तर न्यायालये ती संशयास्पद परिस्थिती मानतात. तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. १९५८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हे तत्त्व चालत आले आहे. प्रेमाने केलेली धावपळच पुढे पुरावा म्हणून विरुद्ध उभी राहते. वकिलाशी आई-वडिलांनी स्वतः बोलावे, शक्य असेल तर फी स्वतःच्या खात्यातून द्यावी. एखाद्या मुलाला किंवा मुलीला घर देत नसाल तर त्यांचे नाव मृत्युपत्रात यायलाच हवे, आणि कारण एका शांत वाक्यात: ‘मुलीस तिच्या लग्नानंतर मी स्वतंत्र सदनिका घेऊन दिली आहे.’ नाव गाळले की विसर पडल्याचा किंवा दबावाचा मुद्दा निघतो. राग मात्र लिहू नये.

वय ७५ च्या पुढे असेल किंवा आजारपण झाले असेल, तर त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला घ्यावा. त्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तपासणीची वेळ आणि ‘स्वतःचे व्यवहार समजण्याच्या मनःस्थितीत आहेत’ असा स्पष्ट उल्लेख असावा. ‘प्रकृती ठीक आहे’ एवढ्याने भागत नाही. तेच डॉक्टर एक साक्षीदार झाले तर फारच उत्तम. रुग्णालयात दाखल असताना, सलाइन चालू असताना केलेले मृत्युपत्र टिकवणे फार अवघड असते. म्हणून हे काम तब्येत चांगली असतानाच करावे.

नोंदणीविषयी: ती सक्तीची नाही, पण जरूर करावी. मृत्युपत्र हयातीत कधीही नोंदवता येते, त्याला मुदत नाही. करणाऱ्याला कार्यालयात जाणे शक्य नसेल तर नोंदणी अधिकारी घरी येऊन नोंदणी करू शकतात. तसा अर्ज आणि वैद्यकीय कारण द्यावे लागते. मजकूर कोणालाच कळू द्यायचा नसेल तर मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय नोंदणी अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये आहे. नोंदणीमुळे कागद त्या तारखेला होता आणि करणारा स्वतः हजर होता हे दिसते. मात्र चुकीच्या साक्षांकनाची दुरुस्ती तिने होत नाही. नोंदणीनंतर मन बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते. छोटा बदल असेल तर पुरवणी करता येते, आणि तिलाही दोन साक्षीदार त्याच पद्धतीने लागतात. जुन्या प्रतीवर पेनाने नाव खोडून दुसरे लिहिणे मात्र कधीही करू नये.

मृत्यूनंतरही कामे उरतातच. संस्थेकडे मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि हमीपत्रासह अर्ज करावा. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. ती महसुली नोंद आहे. मुंबईतल्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला पूर्वी प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) सक्तीचे होते, पण त्यासंबंधीचे कलम २१३ संसदेने २०२५ मध्ये वगळले. भावंडांत वाद असेल तर प्रोबेट घेतलेले आजही हिताचे.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. नॉमिनेशनचा अर्ज स्वीकारताना पोचपावतीवर ‘नॉमिनेशनने मालकी मिळत नाही, मृत्युपत्र स्वतंत्रपणे करावे’ ही ओळ छापा. आणि मृत्युपत्रात ज्याला घर दिले आहे त्याचेच नाव नॉमिनी म्हणून लावायला सभासदांना सांगा. दोन कागदांवर दोन नावे असली की संस्थाही मध्ये सापडते.

मूळ मृत्युपत्र कुठे आहे, हे ज्याला अंमलबजावणीसाठी नेमले त्याला माहीत असावे. एकट्याच्या नावावरच्या बँक लॉकरमध्ये ते ठेवू नये. लॉकर उघडण्यासाठी कागदपत्रे जमवावी लागतात, आणि नेमका हवा असलेला कागद आत अडकलेला असतो. घरातल्या कपाटात, करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट यांच्याच फाइलमध्ये ते ठेवावे, आणि फाइलवर दस्त क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. नोंदणीकृत मृत्युपत्राची मूळ प्रत हरवली, तरी त्या क्रमांकावरून प्रमाणित नक्कल काढता येते.

कळावे,

आपला,
दस्तलेखनाच्या कामातील एक वाचक